दासगाव, टोकियो आणि मावशीचे तिकीट

दासगावला मी आजवर पंचवीस-तीस वेळा तरी गेलो असेन. लहानपणी सुट्टीसाठी, मोठेपणी लग्नकार्यासाठी, आणि एकदोनदा जाऊ नयेसे वाटणाऱ्या कारणासाठीही. पण जपानच्या आयकरासाठी दासगावला जाण्याचा योग २०२४ च्या मे महिन्यात प्रथमच आला. मराठीच्या प्राध्यापकाचा आयकराशी संबंध वर्षातून एकदा येतो आणि त्या वेळीही तो कॉलेजातल्या हेडक्लार्ककडे कागद टाकून मोकळा होतो. जपानच्या आयकराशी तर माझा संबंध काय? पण माझा मावसभाऊ टोकियोत राहतो आणि त्याचे आईवडील दासगावात राहतात. आणि या दोन गावांच्या मध्ये एक सरकारी फॉर्म येऊन बसला होता.

हा मुलगा लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकला. लोणेरे दासगावहून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घरचा डबा खाऊन इंजिनियर झालेला. दहा वर्षांपूर्वी तो जपानला गेला. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात निशिकासाई नावाची वस्ती आहे, तेथे आपली माणसे पुष्कळ. त्या वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक नावाचे मराठी गृहस्थ निवडून आले, हे वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. पुराणिकांनी जपानचे नागरिकत्व घेतले होते म्हणून ते उभे राहू शकले. आमच्या भावासारखे जे भारतीयच राहिले आहेत, त्यांना तेथे कर आहे, मत नाही.

मार्च महिन्यात एके रात्री त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"दादा, आई नामंजूर झाली."

मी घाबरलोच. मग उलगडा झाला तो असा.

जपानात पगारदाराचा कर कंपनीच कापते आणि डिसेंबरात हिशेब जुळवून देते. पण ज्याला काही जास्तीचे मांडायचे आहे त्याने १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या महिन्यात स्वतः जाऊन विवरण भरायचे. याला ते 'काकुतेइ शिन्कोकु' म्हणतात. भावाने हा उच्चार मला तीनदा करायला लावला आणि नाद सोडला. याखेरीज 'जूमिन्झेइ' नावाचा रहिवासाचा कर आहे. एक जानेवारीस तुम्ही ज्या गावी राहत असाल त्या गावाला, मागल्या वर्षीच्या मिळकतीवर, शेकडा दहाच्या हिशेबाने तो द्यायचा. यात परक्या माणसाची एक गंमत होते. पहिल्या वर्षी तो कर येतच नाही, कारण मागल्या वर्षी तुम्ही तेथे नव्हताच. माणूस खुशीत येतो, पगार चांगला उरतो, घरी टीव्ही घेतो. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये लिफाफा येतो. आमच्या भावाने त्या जूनमध्ये दासगावला पैसे पाठवले नव्हते आणि मावशीने दोन महिने, 'पोराला तिकडे कुणी तरी नादी लावले,' अशी चिंता केली होती. नादी लावणारा तो लिफाफा होता, हे आम्हांला आठ वर्षांनी कळले.

आता नामंजूर होण्याची गोष्ट. परदेशात राहणाऱ्या आईवडिलांना जो पोसतो त्याला जपानचे सरकार करात सूट देते. ही मोठी भल्या मनाची गोष्ट आहे, आणि भल्या मनाच्या सर्व गोष्टींप्रमाणे तिला पुरावे लागतात. नाते दाखवणारा सरकारी कागद, पैसे पाठवल्याचा कागद, आणि प्रत्येक परभाषी कागदाचे जपानी भाषांतर. २०२३ पासून आणखी एक अट आली. ज्या नातेवाइकाचे वय तीस ते सत्तरच्या आत आहे, तो विद्यार्थी किंवा अपंग नसेल, तर त्याला वर्षात निदान तीन लाख ऐंशी हजार येन पोचलेले असले पाहिजेत. आमच्या रुपयांत हे त्या वेळी दोन लाखांच्या आसपास. सत्तरी ओलांडलेल्यांना ही रकमेची अट नाही. उलट त्यांच्यापोटी सूट जास्त.

भाऊ दरमहा पन्नास हजार येन नियमाने पाठवत होता. दोघांसाठी पुरेसे होते. चूक एवढीच, की सगळे पैसे काकांच्या खात्यावर जात होते. तिकडचा नियम असा, की ज्याच्या नावाने पैसे गेले तोच पोसला गेला. काका पोसले गेले. मावशी कागदावर उपाशी.

"तिच्या नावाचं खातं उघड आणि तिला समजाव," भाऊ म्हणाला. "माझं ती ऐकत नाही. तू प्राध्यापक आहेस."

प्राध्यापकाचे ऐकतात हा त्याचा समज जपानात राहून झाला असावा.

मी ठाण्याहून एस. टी. ने निघालो. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले, ते माझ्या या प्रवासातही चालूच होते. त्याविषयी लिहायचे तर संपादक वेगळा अंक काढतील. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव मागे पडले. लोणेरे गेले, आणि मग डाव्या हाताला डोंगर व उजव्या हाताला सावित्रीचे रुंद, संथ, मातकट पाणी दिसू लागले की माझ्या पोटात अजूनही सुट्टी लागल्यासारखे होते. रस्ता, डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात दासगाव बसलेले आहे. आज गाडीतून जाणारा माणूस त्याच्याकडे मान वळवूनही पाहत नाही. त्याला महाडला चहा घ्यायचा असतो.

पण हे मोठे बंदराचे गाव. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड करीत येथे येते आणि पुढे बाणकोटाला समुद्रास मिळते. समुद्राची भरती या खाडीतून आत चढते, तिच्यावर स्वार होऊन गलबते येत. ज्याला परदेशी रहिवासी म्हणतात तो प्राणी या गावाला फार जुना परिचयाचा आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सने बाणकोट घेतले आणि पुढल्याच वर्षी पुण्याच्या तहाने ते व खाडीकाठची काही गावे इंग्रजांकडे राहिली. जेम्स फोर्ब्स हा कंपनीचा कारकून १७७१ साली हवापालटासाठी या बाजूस आला होता, त्याने दासगावचा आणि जवळच्या उन्हाळ्यांचा उल्लेख करून ठेवला आहे. म्हणजे मुंबई सोडून हवापालटासाठी दासगावला येण्याची चाल माझ्या आईने सुरू केली असे जे मी समजत होतो ते खरे नव्हे.

मावशीचे घर रस्त्यापासून जरा वर. काका पडवीत बसले होते. काका एस. टी. त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पेन्शन मिळते ती नावापुरती. पण हिशेब पक्का. वे-बिल आणि पेटीतली रोकड यांत चार आण्यांचा फरक आला तर रात्री जेवण न जाणारी जी पिढी होती, तिच्यातले ते.

जेवणे झाल्यावर मी माझे व्याख्यान सुरू केले. जपानी करपद्धती, अवलंबित नातेवाईक, पुराव्याचे स्वरूप. मावशी सुपारी कातरत ऐकत होती. म्हणजे ऐकत नव्हती. दहा मिनिटांनी काकांनी हात वर केला.

"म्हणजे एका तिकिटावर दोघं बसलेत, असंच ना?"

"हो, तसंच."

"मग तपासनीस उतरवणारच. त्याचं काय चुकलं?"

मी जे दहा मिनिटांत सांगू शकलो नव्हतो ते काकांनी एका वाक्यात निकालात काढले. सत्तरीची अटही त्यांना तत्काळ समजली. एस. टी. त पंचाहत्तरीनंतर फुकट, त्याअगोदर अर्धे, बायकांना २०२३ पासून अर्धे, हे सारे कोष्टक त्यांना पाठ. "तिकडे बायकांना पुरं तिकीट आहे म्हण," ते म्हणाले. फक्त एके ठिकाणी ते दचकले. मी सांगितले, की जपानात पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या परदेशी माणसाला जगभरच्या मिळकतीवर तेथे कर द्यावा लागतो, आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर नसला तरी. काका उठून बसले. "आपल्या आंब्यावर जपानचा कर?" कलमे काकांच्याच नावावर आहेत, मुलाच्या नाही, असे मी म्हणालो तेव्हा ते परत टेकले, पण ती मुलाच्या नावावर करण्याचा जो विचार घरात चालला होता तो त्या दुपारी बारगळला.

मावशीचे मात्र एकच. "मला वेगळं खातं कशाला?"

मी पुन्हा तिकिटाचे उदाहरण दिले. ती म्हणाली, "तिकिटाचं मला कळतंय. पण आजवर या घरात वेगळं काही नव्हतं. लोक काय म्हणतील? म्हातारपणी वाटणी केली?"

यावर मला काही उत्तर सुचेना. कोकण म्हणजे मनीऑर्डरवर जगलेला मुलूख. मुंबईच्या गिरणीतून, गोदीतून, पुढे आखातातून पैसे आले, घरे त्यांवर उभी राहिली. पण पोस्टमनने दारात येऊन ज्याचे नाव पुकारले ते नेहमी घरातल्या पुरुषाचे. भात लावले बायकांनी, गुरे राखली बायकांनी, सही केली पुरुषाने. मावशीने अडतीस-चाळीस वर्षे तो संसार विनातक्रार केला, आणि आता दूरदेशीचा कोणी कारकून विचारत होता, की या बाईंना वेगळे काय पोचते?

नावाचाही घोळ होता. मावशीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर, आधार कार्डावर ते दुसरे नाव आहे. जपानात नवराबायकोचे आडनाव एकच असावे लागते असा कायदा आहे, तेव्हा आडनाव बदलते हे तेथील कारकुनाला समजते. पण पहिले नाव कसे बदलते? भावाने यावर जपानीत अर्धे पान टिपण लिहिले होते आणि मला त्याचा मराठी मसुदा तपासायला दिला होता. 'लग्नप्रसंगी वधूचे नाव बदलण्याची प्रथा आहे' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो, पण सरकारी कागदावर ते वाचले तेव्हा जरा चमत्कारिकच वाटले. एखाद्या माणसाला विचारून करायची गोष्ट आपण विचारल्यावाचून करीत आलो, असे काहीसे.

आणि वय. आधार कार्डावर मावशीची जन्मतारीख एक जून १९५६. त्या काळी शाळेत नाव घालताना गुरुजी पोराच्या तोंडाकडे पाहून साल ठरवीत आणि तारीख एक जून घालीत. निम्म्या महाराष्ट्राचा जन्म एक जूनचा आहे. प्रत्यक्षात ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी हजारो माणसे काळी निशाणे घेऊन जमली, तेव्हा मावशी तीन वर्षांची होती. आजोबांनी तिला खांद्यावर नेले होते, ती गर्दी तिला आठवते. निदान आजी तसे सांगे. म्हणजे खऱ्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस ती सत्तरीची होत होती आणि दोन लाखांची अट तिला लागूच नव्हती!

"मग नेहरूंना साक्षीला बोलवा," काका म्हणाले.

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "कागदावर जे आहे तेच. इथे नेहरू चालणार नाहीत."

संध्याकाळी मी खाडीकडे उतरलो. ओहोटी लागली होती. पलीकडे रेल्वेचा पूल दिसतो. महाडच्या पुराचे पाणी त्याच्या भरावाने अडते अशी या भागातल्या लोकांची जुनी तक्रार आहे, आणि २०२१ च्या जुलैतला पूर पाहिलेल्यांशी त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या काठावर उभे राहिले की मला नेहमी एक तारीख आठवते. २५ डिसेंबर १९२७. मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघालेले डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सोबती दुपारी दासगाव बंदराला उतरले. तीनएक हजार सत्याग्रही वाट पाहत होते. तेथून पाच मैल महाड. त्याच रात्री तेथे मनुस्मृती जाळली गेली.

एरवी मी हा इतिहास वर्गात शिकवतो तसा आठवतो. त्या दिवशी डोक्यात कर घोळत असल्यामुळे तो वेगळा दिसला. रावबहादुर बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता, की सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव नसावा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले आणि १९२७ च्या ऑगस्टात तो ठराव मागे घेतला. खजिन्यात घालताना पैसा कोणाच्या हातचा हे कोणी विचारले नव्हते. तळ्याकाठी मात्र विचारले गेले. त्या पाण्याचा हायकोर्टातला निकाल १९३७ च्या मार्चात लागला. परक्या देशातल्या माणसाला कर आहे आणि मत नाही, याचे मला दुपारी जे वैषम्य वाटले होते ते खाडीकाठी जरा आखडते घेतले. आपल्याच गावात, आपल्याच तळ्यावर परके ठरलेल्यांनी या चिखलातून वाट काढली होती.

परत आलो तर मावशी अंगणात उभी. तिने एकदम विचारले, "जपानात तो एवढा कर भरतो, त्याचं करतात काय?"

मला माहीत होते तेवढे मी सांगितले. रस्ते, शाळा, दवाखाने. मग आठवले म्हणून म्हणालो, की २०११ साली तिकडे भूकंप झाला, समुद्र गावांत शिरला, हजारो माणसे गेली; ती गावे पुन्हा उभारण्यासाठी आयकरावर शेकडा २.१ असा वेगळा कर २०१३ पासून लावला आहे. आपल्या भावाच्या पगारातूनही तो जातो.

मावशी डोंगराकडे पाहू लागली. २००५ च्या जुलैत हा डोंगर खाली आला होता. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांनी त्या दोन दिवसांत जे पाहिले ते मी लिहीत नाही. मावशीचे घर वाचले. ज्यांच्याकडे ती हळदीकुंकवाला जात असे त्यांतली काही घरे वाचली नाहीत. उरलेली माणसे पुढे कित्येक वर्षे पत्र्याच्या शेडांत राहिली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होते ते दुपारी ताक घेऊन जाणाऱ्या मावशीला ठाऊक होते.

"सगळ्यांच्या पगारातून जातो?" तिने विचारले.

"सगळ्यांच्या."

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडे बदलून, आधार कार्ड आणि दोन फोटो पिशवीत घालून तयार होती. "चल, महाडला किती वाजता गाडी आहे?"

बँकेत दोन तास गेले. बायकांच्या रांगेत तिला माहेरची एक ओळखीची भेटली, तेव्हा आणखी अर्धा तास. सही करताना मावशी थांबली आणि मला हळूच म्हणाली, "कोणतं नाव लिहू रे?" मी म्हणालो, "आधारवरचं." तिने ते सावकाश, एकेक अक्षर सुटे सुटे लिहिले. काका बाजूला उभे राहून, नवशिक्या कंडक्टरने पहिले तिकीट फाडताना जुना कंडक्टर पाहतो तसे पाहत होते.

पुढचे गणित काकांनीच बसवले. वर्षाचे सात महिने उरले होते. पंचावन्न हजार येनांप्रमाणे मावशीला पाठवले तर तीन लाख पंचाऐंशी हजार होतात. काकांना रकमेची अट नाही, तेव्हा त्यांना दहा हजार पुरे. अशा रीतीने जपान सरकारच्या कृपेने जून २०२४ पासून त्या घराची तिजोरी मावशीकडे गेली. काका आता वर्तमानपत्राचे पैसे तिच्याकडे मागतात. मुलाने आईला पाठवलेल्या पैशावर आपल्याकडे कर लागत नाही, हे मी तिला दोनदा समजावून सांगितले, कारण तेवढ्यात तिला करांची चटक लागली होती आणि आपल्यालाही काही भरावे लागेल अशी तिची अपेक्षा होती.

२०२५ च्या मार्चात भावाने पुन्हा विवरण भरले. या वेळी आई मंजूर झाली. तिच्यापोटी आयकरात शहात्तर हजार येन वाचले आणि रहिवासाच्या करात तेहतीस हजार कमी झाले. आपले साठएक हजार रुपये. त्याने फोनवर आकडे सांगितले, काकांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतले. मावशीने मध्येच विचारले,

"तो भूकंपाचा कर? तोही कमी झाला का?"

आयकर कमी झाला म्हणजे त्यावरचा शेकडा २.१ ही कमी होणारच. काकांनी हिशेब केला. पंधराशे शहाण्णव येन. आपले नऊशे रुपये.

"ते नऊशे मात्र तू त्यांना पोचते कर," मावशी म्हणाली. "माझ्या नावाखाली ते नकोत."

भावाने हे मला नंतर सांगितले. तिकडे 'फुरुसातो नोझेइ' नावाची एक सोय आहे. फुरुसातो म्हणजे आपले मूळ गाव. आपल्याला हवे ते गाव निवडून त्याला देणगी द्यायची, त्यातले दोन हजार येन आपण सोसायचे आणि बाकीची रक्कम एका मर्यादेत करातून वजा होते. कोणतेही गाव चालते, जन्माचे नाते लागत नाही. मात्र ते जपानातले हवे. दासगाव यादीत नाही हे त्याने पाहून घेतले होते. त्याने मियागी प्रांतातले, समुद्र ज्यात शिरला होता असे एक गाव निवडले आणि दहा हजार येन पाठवले. ती गावे देणगीदाराला उलट भेट म्हणून आपल्याकडचा जिन्नस पाठवतात. त्याच्या दारात तांदळाची पिशवी येऊन पडली.

"कसा लागतो?" मावशीने विचारले.

"चिकट आहे, आई."

"मग पेज कर," ती म्हणाली.